रोग रेड्याला, औषध पखालीला

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. भांडण कुणा माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे. ते वाक्य म्हणजे "आधी हे बदलून बघू!" स्कूटर घेऊन गॅरेजात जा, नाहीतर मिक्सर घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जा, हे वाक्य तुम्ही ऐकलेलं आहेच. प्लग बदलून बघू, कॉइल बदलून बघू, कार्ब्युरेटर बदलून बघू. माझं म्हणणं असं की ही दुरुस्ती नव्हे, हा जुगार आहे. आणि या जुगारात पत्ते मेकॅनिकच्या हातात असले तरी पैसे गिऱ्हाइकाचे लागतात. त्यातून यंत्र पाण्यावर चालणारं असेल तर प्रकरण नुसत्या पैशांवर भागत नाही.

आता पाण्यावरचं यंत्र मध्येच कुठून आलं, तर मी राहतो गॉलवेला, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर. गावाच्या डोक्यावर लॉख कॉरिब नावाचं तळं आहे. तळं म्हणायचं आपलं, पसरलंय सुमारे १७५ चौरस किलोमीटर! आत असंख्य बेटं, पाण्याखाली लपलेले खडक, आणि अटलांटिकवरून येणारा वारा. मे महिन्यात मेफ्लाय नावाचे किडे पाण्यावर येतात आणि त्यांच्यामागे ट्राउट मासे. मग सगळा पंचक्रोश लाकडी होड्या घेऊन तळ्यात उतरतो. होडीच्या पाठीला टांगलेलं इंजिन असतं, त्याला म्हणतात आउटबोर्ड. १९०९च्या सुमाराला ओले एव्हिनरूड या मूळच्या नॉर्वेजियन माणसाने अमेरिकेत ते बाजारात चालवून दाखवलं, आणि वल्ही मारणाऱ्या अर्ध्या जगाचे हात मोकळे झाले. हे इंजिन भर तळ्यात बंद पडलं आणि वारा उलटा असला, तर होडी खडकाच्या दिशेने जाते. मग ओढून आणायला स्वयंसेवकांची बोट बोलवावी लागते. आयर्लंडच्या किनाऱ्यावर आणि काही मोठ्या तळ्यांवर 'आरएनएलआय' ही १८२४ साली स्थापन झालेली संस्था हे काम करते. बंद पडलेल्या होड्या ओढून आणणं हे त्यांचं नेहमीचंच काम आहे.

आमच्या शेजारी एक आजोबा आहेत. त्यांच्याकडे १५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं जुनं टू-स्ट्रोक आहे. या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकची नवी विक्री प्रदूषणाच्या नियमांमुळे युरोपात २००७ पासून जवळजवळ बंद झाली, त्यामुळे लोक आहेत ती जिवापाड जपतात. आजोबांचं इंजिन दहा-बारा वेळा दोरी ओढल्याशिवाय चालू होईना, आणि झालं तरी जोर नाही. एका वर्कशॉपने (नाव जाऊ द्या) आधी कार्ब्युरेटर साफ केला. मग कॉइल बदलली. मग फ्युएल पंप. तीन फेऱ्या, तीन बिलं, इंजिन जैसे थे. म्हणजे हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. "तिकडे सगळं शिस्तीत असतं" असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

या तिन्ही फेऱ्यांत एक गोष्ट कुणीच केली नव्हती. ती म्हणजे कॉम्प्रेशन मोजणं.

कॉम्प्रेशन म्हणजे काय ते समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. घरच्या कुकरची रिंग सैल झाली की वाफ बाजूने निसटते, शिट्टी होत नाही आणि डाळ कच्ची राहते. अशा वेळी गॅस मोठा करा, डाळ बदला, नाहीतर थेट सिलिंडरच बदला, काही उपयोग आहे का? इंजिनाचंही तसंच. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबतो. तो दाब पिस्टनच्या रिंगांतून नाहीतर हेड गॅस्केटमधून निसटत असेल, तर सोन्याचा प्लग लावला तरी ते मिश्रण नीट पेटणार नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते यालाच!

आणि मोजायला लागतं काय? एक गेज. इथे ते तीस-चाळीस युरोत मिळतं, आपल्याकडे हजार-दीड हजार रुपयांत. इंजिन शक्य असेल तर थोडं गरम करून बंद करायचं. दोन्ही प्लग काढायचे. प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला अर्थ करायच्या आणि किल स्विचची दोरी काढून ठेवायची, म्हणजे ठिणगी उडणार नाही. पेट्रोलची नळी सोडवायची. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, कारण हवा आत गेलीच नाही तर दाबणार काय? मग गेज प्लगच्या भोकात बसवून काटा वर चढायचा थांबेपर्यंत पाच-सहा वेळा दोरी ओढायची. आकडा लिहून घ्यायचा. दुसऱ्या सिलिंडरला तेच. दहा मिनिटांचं काम!

आजोबांच्या इंजिनाचा वरचा सिलिंडर ११० पीएसआय दाखवत होता, खालचा ६५. खरी मेख या फरकात आहे. दोन सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक चालून जातो, चाळीसचा नाही. मग खालच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं, तर आकडा ९० वर गेला. तेलाने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात, म्हणजे संशयित रिंगा. आकडा हललाच नसता तर हेड गॅस्केटकडे बघितलं असतं. इंजिन उघडलं, तेव्हा काजळी साचून एक रिंग खाचेत घट्ट चिकटलेली निघाली. काजळी साफ करून नव्या रिंगा बसवायला जो खर्च आला, त्यापेक्षा आधीच्या तीन बिलांची बेरीज जास्त होती.

आता यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत.

पहिला आक्षेप, "अनुभवी मिस्त्री नुसत्या आवाजावरून ओळखतो." ओळखतो ना! अशा कानांना माझा नमस्कार. पण कान भाड्याने मिळत नाहीत आणि मिस्त्रीबरोबर निवृत्त होतात. आकडा मात्र वहीत राहतो. यंदा ११०, पुढच्या वर्षी १०५, त्याच्या पुढच्या वर्षी ९०, म्हणजे इंजिन बंद पडायच्या आधीच बोलायला लागलं.

दुसरा आक्षेप, "निम्म्या वेळा दोष पेट्रोलचा असतो." मान्य. पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत राहिलं की कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत चिकटा धरतो. त्यात आता आयर्लंडमध्ये २०२३ पासून १० टक्के आणि भारतात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पण म्हणूनच कॉम्प्रेशन आधी मोजायचं. ते ठीक निघालं तर पेट्रोल आणि ठिणगी यांच्यावरचा प्रत्येक पैसा सार्थकी लागतो. पाया खचलाय का हे न बघता भिंतीला रंग कोण देतं?

तिसरा आक्षेप जरा हुशार लोकांचा. "आकडाही फसवतो." फसवतो. काही छोट्या फोर-स्ट्रोकमध्ये दोरी ओढणं सोपं जावं म्हणून दाब मुद्दाम सोडून देणारी योजना असते, तिथे आकडा कमीच येतो. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसचं सील गळत असेल, तर या गेजला ते दिसतच नाही. पण मोजमाप कुठे फसवतं हे मोजणाऱ्यालाच कळतं. न मोजणारा फसतो तेव्हा त्याला ते कळतही नाही.

आणि आता माझा खरा राग. आपल्याकडे मेकॅनिकलच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मोर्स टेस्ट नावाचा प्रयोग असतो. अनेक सिलिंडरच्या इंजिनातला एकेक सिलिंडर बंद करायचा, पॉवर किती घटली ते बघायचं आणि त्यावरून त्या सिलिंडरची इंडिकेटेड पॉवर काढायची. आमच्या कॉलेजात तो 'झाला'. वीस जण गोल करून उभे, इंजिनाला हात फक्त लॅब असिस्टंटचा. जर्नलमधली रीडिंग्ज कुठून येत ते सांगायला नको. कॉरिबच्या काठावरचा शाळेनंतर न शिकलेला माणूस लंगडणाऱ्या इंजिनाचा एकेक प्लग बंद करून कान देतो, तेव्हा तो हीच मोर्स टेस्ट करत असतो! ज्या सिलिंडरमुळे आवाजात फरक पडत नाही तो आजारी. फॉर्म्युला आमच्याकडे, निदान त्याच्याकडे.

हा योगायोग नाही. ज्याने शिकायचं त्याने हात काळे करायचे नाहीत, आणि ज्याचे हात काळे त्याने शिकायचं नाही, ही आपल्या समाजाने कित्येक पिढ्या पाळलेली वाटणी आहे. ती कुठून आली हे मराठी वाचकाला फोड करून सांगायची गरज नसावी. "पीएचडी करून ग्रीस पुसतोस?" असं मला फोनवर विचारणाऱ्या नातेवाइकांच्या प्रश्नात तीच वाटणी बोलते. या वाटणीची किंमत मात्र ते भरत नाहीत. ती भरतो आउटबोर्डवाली छोटी होडी घेऊन पहाटे निघणारा कोकणातला मच्छीमार. त्याच्या इंजिनाला कुणी गेज लावत नाही. त्याला सांगतात "बदलून बघू", आणि बदलून बदलून थकला की सांगतात "नवीनच घ्या". नवीन म्हणजे लाखांच्या घरातला खर्च, म्हणजे कर्ज. कधीकधी जुन्या इंजिनाला फक्त एक रिंग हवी असते. आणि त्याच्यासमोर तळं नसतं, अख्खा समुद्र असतो.

असो. नुसतं भांडून उपयोग नाही, म्हणून दोन मागण्या. प्रत्येक आयटीआयने आणि प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजने विद्यार्थ्याच्या हातात गेज द्यावं आणि रीडिंग ज्याचं त्याने घ्यावं, हात काळे करून. आणि तुम्ही, वाचकहो, पुढच्या वेळी कुणी "इंजिनाचं काम निघालंय" म्हणालं की, मग ते इंजिन होडीचं असो, मोटारसायकलचं नाहीतर शेतावरच्या पेट्रोलपंपाचं, एवढंच विचारा, "कॉम्प्रेशन किती आलं?" आकडा सांगता आला तर खुशाल काम द्या. नाही आला, तर पाकीट खिशातच ठेवा.