विश्लेषण : पार्किंग सेन्सर असतानाही गाडी मागे घेताना अपघात का होतात?

गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकली, की ‘बीप-बीप’ सुरू होते. पूर्वी हे काम ‘येऊ द्या, येऊ द्या… बस्स’ म्हणणारा सोसायटीचा वॉचमन करत असे. आता मागच्या बंपरमधील बटनाएवढे सेन्सर ते करतात. भारतात हे उपकरण नव्या मोटारींमध्ये बंधनकारक होऊनही काही वर्षे लोटली. मात्र सेन्सर नेमके काय ओळखतो आणि काय ओळखत नाही, याची कल्पना अनेक चालकांना नसते.

नियम काय आहे?

१ जुलै २०१९ पासून भारतात उत्पादित होणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींमध्ये रिव्हर्स पार्किंग सेन्सर अनिवार्य आहे. चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण करून देणारी यंत्रणा आणि वेगमर्यादेचा इशारा यांच्यासोबतच हा नियम लागू झाला. त्याआधी तयार झालेल्या मोटारींना तो लागू नाही. त्यामुळे रस्त्यावरील बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये एक तर ही सोय नाही किंवा ती बाहेरून बसवून घेतलेली आहे.

सेन्सर काम कसे करतो?

वटवाघूळ अंधारात अंतर ओळखते, तेच तत्त्व येथे वापरले जाते. सेन्सरमधील पिझोइलेक्ट्रिक चकती विजेच्या स्पंदाने थरथरते आणि साधारण ४० किलोहर्ट्झ किंवा त्याहून अधिक कंप्रतेचा ध्वनी सोडते. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज ऐकू येत असल्याने हा ध्वनी आपल्याला जाणवत नाही. तो मागच्या वस्तूवर आदळून परत येतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. म्हणजे एक मीटरवरील भिंतीचा प्रतिध्वनी सुमारे सहा मिलिसेकंदांत परततो. या वेळेवरून यंत्रणा अंतर काढते आणि अंतर घटेल तसे बीप जलद करते. साधारण ३० सेंटिमीटरच्या आत आल्यावर सलग आवाज सुरू होतो. बहुतेक गाड्यांत दोन ते चार सेन्सर असतात.

मग चूक कुठे होते?

सेन्सरला वस्तू ‘दिसत’ नाही, त्याला फक्त प्रतिध्वनी कळतो. सपाट, कठीण भिंत ध्वनी सरळ परत पाठवते. बारीक खांब, तारेची जाळी किंवा तिरका पृष्ठभाग यांच्यावरून तो भलतीकडे जातो. मऊ, जाड कपडे ध्वनी शोषून घेतात. बंपरच्या उंचीखालील ठोकळा, रस्त्यातला खड्डा किंवा उघडे गटार सेन्सरच्या टप्प्यातच येत नाही. वस्तू अगदी चिकटून असेल तरीही अडचण येते, कारण ध्वनी सोडल्यावर चकतीची थरथर थांबेपर्यंत सेन्सरला प्रतिध्वनी ऐकता येत नाही. म्हणजे भिंत ओळखण्यात तरबेज असलेली ही यंत्रणा बंपरजवळ वाकून चेंडू उचलणाऱ्या मुलाच्या बाबतीत कमी भरवशाची ठरते.

वेगाचा संबंध काय?

समजा सेन्सरने दीड मीटरवर अडथळा ओळखला. गाडी ताशी पाच किलोमीटर वेगाने मागे येत असेल, तर ती सेकंदाला सुमारे १.४ मीटर अंतर कापते. म्हणजे चालकाच्या हाती जेमतेम एक सेकंद उरतो. आवाज ऐकून पाय ब्रेकवर नेण्यातच बहुधा तेवढा वेळ जातो. वेग ताशी दहा किलोमीटर असेल, तर हाती अर्धाच सेकंद राहतो. साधा पार्किंग सेन्सर ब्रेक लावत नाही, तो फक्त सूचना देतो.

बंपरशी छेडछाड केल्यास?

आजच्या मोटारीच्या बंपरचे बाहेरचे आवरण प्लास्टिकचे असते. त्याच्या आत धक्का शोषणारा फोम आणि त्यामागे मजबूत आडवी पट्टी असते. सेन्सर बाहेरच्या आवरणातील छिद्रांत बसवलेले असतात. किरकोळ धडकेत आवरण वाकले, तर सेन्सरचा कोन बदलतो. मग तो जमिनीलाच अडथळा समजून बीप देत राहतो किंवा खरा अडथळा चुकवतो. डेंटिंग-पेंटिंग करताना सेन्सरवर रंगाचा जाड थर चढला, तर त्याच्या पृष्ठभागाची थरथर मंदावते. पावसाळ्यातील चिखलानेही हेच होते. मागे बसवलेला लोखंडी गार्ड सेन्सरसमोर आल्यास तोच कायमचा अडथळा ठरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून वाहनांवरील क्रॅश गार्ड आणि बुल बार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन ठरत असल्याचे स्पष्ट केले होते.

इतर देशांनी काय केले?

अमेरिकेत गाडी मागे घेताना होणाऱ्या अपघातांत वर्षाला सुमारे २१० मृत्यू होतात, असा तेथील महामार्ग सुरक्षा यंत्रणेचा नियम करतानाचा अंदाज होता. त्यातील ३१ टक्के बळी पाच वर्षांखालील मुले आणि २६ टक्के सत्तरीच्या पुढचे वृद्ध होते. केवळ सेन्सर पुरेसे नाहीत, असा निष्कर्ष काढून मे २०१८ पासून तेथे नव्या मोटारींत मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. युरोपीय महासंघात मागील अडथळ्यांची जाणीव करून देणारी यंत्रणा जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलसाठी आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींसाठी बंधनकारक आहे.

उपाय काय?

कॅमेराही निर्दोष नाही. भिंगावर चिखल किंवा पावसाचे थेंब असले, की चित्र धूसर होते. म्हणूनच कॅमेरा आणि सेन्सर एकमेकांना पूरक ठरतात. सेन्सर आठवड्यातून एकदा पुसणे, बंपर दुरुस्त केल्यावर मागे भिंत ठेवून बीप तपासणे या गोष्टींना खर्च नाही. सोसायटीच्या आवारात मुले खेळत असतील, तर गाडीत बसण्याआधी तिच्या मागे एक फेरी मारणे अधिक उपयोगी ठरते. बीप वाजली नाही, याचा अर्थ प्रतिध्वनी आला नाही एवढाच. मागे कोणी नाही, याची खात्री चालकालाच करून घ्यावी लागते.