थांबण्यामागचे कारण

पिकलेल्या केळ्यावरचे चिलट चालता चालता मध्येच थांबते. आपल्या लेखी ते नुसते थांबणे. शास्त्रज्ञांना मात्र त्यात दोन भिन्न क्रिया आढळल्या.

२०२४ साली फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १,३९,००० चेतापेशी आणि त्यांच्यातील कोट्यवधी जोडण्या नोंदल्या आहेत. अशा नकाशांना प्रयोगांची जोड देऊन फ्लोरिडातील मॅक्स प्लँक संस्थेतील नेहा सपकाळ, सलिल बिडये व सहकाऱ्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. खाण्यासाठी थांबताना माशीच्या मेंदूतील चालण्याची आज्ञाच दाबली जाते. अंग स्वच्छ करण्यासाठी थांबताना मात्र चेतारज्जूतील पेशी पायांना जणू ब्रेक लावतात. बाहेरून वर्तन एकच. आतील कारणे दोन.

वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाविषयी ‘तो मूळचाच मंद’ असे आपण किती सहज म्हणतो! एक मूल घराच्या आठवणीने गप्प असते, दुसरे फळ्यावरचे अक्षर दिसत नाही म्हणून. चिलटाच्या थांबण्यालाही कारण शोधावे लागते, तर मुलाच्या मौनाचा निकाल एका शब्दात कसा लावावा?

याच विज्ञानाचा उलटा अर्थही लावला जाण्याचा धोका आहे: ‘मेंदूची घडणच तशी, शिकवून काय उपयोग?’ एका सूक्ष्म कृमीच्या अवघ्या ३०२ चेतापेशींचा नकाशा १९८६ सालीच प्रसिद्ध झाला. तरीही त्याचे सारे वर्तन आजवर उलगडलेले नाही. जोडणी कोठे आहे, हे नकाशा सांगतो. ती केव्हा आणि किती प्रबळ होईल, हे भूक, शरीरातील रसायने आणि अनुभवही ठरवतात.

ज्या समाजाला ‘जन्मानेच असे’ म्हणून शतकानुशतके हिणवले गेले, त्याने मेंदूच्या नकाशाची नवी जन्मपत्रिका होऊ देता कामा नये. परिस्थिती पालटली की माणूस घडतो, याच विश्वासावर शाहू महाराजांच्या कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली. कारण पालटले की कार्य पालटते, हीच धम्माची शिकवण. तथागतांनी अंगुलिमालाला जन्मजात क्रूर मानले असते, तर तो कधी थांबलाच नसता.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती: प्रगतिपुस्तकात शेरा लिहिण्यापूर्वी आणि तो वाचून मुलाला रागावण्यापूर्वी, त्याच्याजवळ क्षणभर बसून कारण विचारावे.