मोकळ्या पोर्टात २५५ का दिसतात?

घरगुती संगणकांचा इतिहास आपण बहुधा खेळांच्या आणि कंपन्यांच्या संस्थापकांच्या कथांतून वाचतो. माझ्या मते त्यातला एक मोठा पुरावा यंत्राच्या पाठीमागे व तळाशी दुर्लक्षित पडलेला असतो : त्याचे पोर्ट.

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी घडवलेला १९८१ चा 'बीबीसी मायक्रो' घ्या. 'मॉडेल बी'ची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. पण मागे चार वाहिन्यांचा अ‍ॅनालॉग पोर्ट, आणि तळाशी आठ तारांचा 'यूजर पोर्ट'. भारत सरकारच्या १९८४ च्या 'क्लास' योजनेतून हेच यंत्र आपल्याकडील शाळांतही पोहोचले.

आता प्रयोग. बेसिकमधून ६५१२२ या पत्त्यावर शून्य लिहिले की यूजर पोर्टच्या आठही तारा बाहेरचा संकेत आत घेऊ लागतात. मग ६५१२० या पत्त्यावर काय आहे ते विचारा. काहीच जोडलेले नाही, म्हणजे शून्य यावे, असे वाटते. पडद्यावर येते २५५! मोकळ्या तारा चिपच्या आतूनच पाच व्होल्टकडे ओढलेल्या असतात, म्हणून प्रत्येक तार 'एक' वाचली जाते. पहिली तार ग्राउंडला टेकवा. आकडा २५४ होतो. बटण दाबल्याने आकडा घटतो, हे पाहिलेला विद्यार्थी 'काही नाही' आणि 'शून्य' यांतला भेद सहसा विसरत नाही. (पाच व्होल्टची पिनही त्याच जोडणीत असते, तिला ग्राउंड लागू देऊ नये.)

अ‍ॅनालॉग पोर्टची गंमत निराळी. 'एडीव्हॅल' ही आज्ञा शून्यापासून ६५५२० पर्यंतचे आकडे देते, तेही सोळाच्या पटीत. जोडलेले बटण हातही न लावता स्थिर ठेवले, तरी शेवटचे अंक थरथरतात.

ही थरथर इम्युलेटरमध्ये सापडत नाही. तो आज्ञावली उत्तम जपतो, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याला तार जोडता येत नाही. काचपेटीतल्या यंत्रालाही नाही. म्हणून संग्रहालयांनी निदान एक यंत्र हाताळण्यासाठी चालू ठेवावे, असे मी आग्रहाने म्हणेन. झीज होईल, हा आक्षेप खरा आहे. जुन्या वीजपुरवठ्यातले कागदी कपॅसिटर फुटून खोलीभर धूर होतो, हेही खरे. मात्र ते जाणकाराकडून आधीच बदलून घेता येतात, आणि मूळ भाग नोंद करून जपता येतात.