मिटलेली पानं

परवा अंगणात नात लाजाळूच्या झुडपापाशी बसली होती. बोट लावायचं, पानं मिटली की टाळ्या पिटायच्या. "आजोबा, घाबरलं बघा!"

घाबरणं कसलं! पानांच्या बुडाशी असलेल्या पेशींतलं पाणी चटकन बाहेर सरकतं, ताठपणा जातो आणि पानं मिटतात. चरणाऱ्या जनावरापासून बचाव व्हावा म्हणून ही सोय असावी. मात्र ती फुकट नाही. पानं मिटलेली असेतो ऊन कमी, म्हणून अन्नही कमी. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, विम्याचा हप्ताच!

माणसाचं मनही असंच मिटतं. सिग्मंड फ्रॉइड यांची कन्या ॲना फ्रॉइड हिनं १९३६ साली मनाच्या या बचावाच्या युक्त्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. साहेबाचा राग बायकोवर काढणं, छातीतल्या कळेला 'पित्त' म्हणणं, या त्यातल्याच. आपण त्या ठरवून करत नाही, हे विशेष.

माझी युक्ती हिशेबाची. २००९ साली आई गेली, त्या रात्री मी इस्पितळाचं बिल तीनदा तपासलं. औषधांच्या पावत्या तारीखवार लावल्या. नातेवाईक म्हणाले, "किती धीराचा!" तो धीर त्या दिवसांत उपयोगी पडलाही, कोणीतरी उभं राहायला हवंच होतं. पण वर्षश्राद्ध झालं तरी माझी पानं मिटलेलीच. पत्नी आईचा विषय काढी, मी पेपर उघडी. तिलाही सासूसाठी माझ्याजवळ रडायचं होतं, हे माझ्या हिशेबात कुठंच नव्हतं.

मोनिका गॅग्लियानो आणि सहकाऱ्यांचा लाजाळूवरचा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी कुंड्या १५ सेंटिमीटर उंचीवरून पुनःपुन्हा खाली सोडल्या. आधी पानं मिटली. इजा होत नाही म्हटल्यावर झाडांनी मिटणं सोडलं. महिन्याभरानंतरही हा धडा ती विसरली नव्हती. कमी उजेडातली झाडं तर तो लवकर शिकली. उगाच मिटणं त्यांना परवडणारं नव्हतं.

मिटणं हा दोष नव्हे. पण संकट टळल्यावर उलगडणं, हे बचावाचंच उरलेलं अर्धं काम आहे. ते आपण विसरतो आणि हप्ते मात्र घरातली माणसं भरत राहतात.

थोड्या वेळानं पानं उघडली. नातीनं विचारलं, "पणजी कशी होती हो?"

मी सांगू लागलो. आवाज कापला, तरी थांबलो नाही. स्वयंपाकघरातून पत्नी आली आणि हात पुसत पायरीवर बसली.