विश्लेषण : मुरलेला सिगार खरंच ‘वेगळा’ असतो का?

जळकोटमध्ये एखाद्या पानटपरीवर सिगार मागितला, तर टपरीवाला आधी मागणाऱ्याच्या तोंडाकडे पाहील. या भागात धुरापेक्षा मळलेल्या तंबाखूचा आणि चुन्याच्या डबीचा खप मोठा. तरीही सिगार आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला आहे, तो मोबाइलच्या पडद्यावरून. तो कसा कापायचा, किती वर्षे मुरवायचा, कोणत्या लाकडाच्या पेटीत ठेवायचा, हे दाखवणारे व्हिडिओ तरुण मुले पाहतात. पुण्या-हैदराबादेत नोकरीला असलेला एखादा मित्र दिवाळीला येताना दोन-चार नग घेऊन येतो. आणि त्यांच्याबरोबर एक वाक्यही येते : ‘याचा धूर आत घ्यायचा नसतो, त्यामुळे हे सिगारेटसारखं नाही.’

या वाक्याचा पूर्वार्ध बऱ्याच अंशी खरा आहे. उत्तरार्ध तपासायला हवा.

सिगार म्हणजे नेमके काय?

मराठीला सिगार नवा नाही. जुन्या कथा-कादंबऱ्यांतले साहेब आणि वकील ‘चिरूट’ ओढत. हा शब्द तमिळमधून आला, अर्थ ‘गुंडाळी’. ब्रिटिश काळात तिरुचिरापल्लीचे चिरूट थेट इंग्लंडपर्यंत प्रसिद्ध होते. शेजारच्या तेलुगू मुलखात याच जातीच्या गुंडाळीला ‘चुट्टा’ म्हणतात. पुढे महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर सिगार राहिला तो मुख्यतः बाळासाहेब ठाकरे यांच्या हातातला.

रचना साधी आहे. आत भरावाची पाने, ती बांधून ठेवणारे एक पान आणि बाहेरून गुळगुळीत वेष्टनाचे पान. तिन्ही तंबाखूचीच. कागद नाही. बिडीत तंबाखूचा चुरा तेंदूपत्त्यात गुंडाळतात, इथे तंबाखू तंबाखूतच गुंडाळतात. संसदेने १९६६ मध्ये कामगारांसाठी केलेल्या कायद्याच्या नावातच ‘बिडी आणि सिगार’ असा जोड होता. कायद्याच्या लेखी दोन्ही हातांनी वळलेल्या गुंडाळ्याच. एक गावंढळ आणि दुसरी खानदानी, हा फरक समाजाने केला.

‘मुरवणे’ हा काय प्रकार आहे?

या छंदाचा सगळा जीव इथे आहे, आणि तो खोटा नाही. जुना तांदूळ मोकळा शिजतो, जुनी चिंच काळी पडून गोडसर होते, लोणचे मुरल्याशिवाय त्याला चव येत नाही, हे ज्या घरांना माहीत आहे त्यांना सिगार मुरवण्याची कल्पना परकी वाटू नये.

तोडलेली पाने आधी छपराखाली हवेवर वाळवतात. मग त्यांचे मोठे ढीग रचतात. ओलसर सोयाबीनची थप्पी लावली की पोत्यात हात घातल्यावर चटका बसतो, तसा हा ढीग आतून तापतो. पाने आंबतात, अमोनियाचा उग्र वास निघून जातो, तिखटपणा उतरतो. ढीग ठरावीक उष्णतेपर्यंत गेला की मोडायचा, वरची पाने आत, आतली वर, आणि पुन्हा रचायचा. क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातली पाने जगात नावाजली, ती जमिनीइतकीच या कष्टामुळे.

वळून झाल्यावरही सिगार पेटीत बदलत राहतो. शौकीन लोक तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे ठेवतात. त्याला हवेत साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान लागते. पेटी ‘स्पॅनिश सीडर’ची असते. नावात सीडर असले तरी ते देवदार नव्हे. झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. धान्याच्या कणगीत निंबाचा पाला टाकणाऱ्या आजीला या पेटीचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही.

मग जळकोटच्या हवेत हे जमेल का?

बालाघाटच्या या माळावर एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. उघडा सिगार अशा हवेत काही दिवसांत पापडासारखा होतो. वेष्टन तडकते आणि पानातले सुगंधी तेल उडून जाते. ते एकदा गेले की नंतर ओलावा देऊन परत येत नाही. पावसाळ्यात उलटे. बाहेरची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते. म्हणजे क्यूबाच्या बेटावर जे निम्मे काम हवा करते, ते इथे पूर्णपणे पेटीला करावे लागते.

त्यात महाग पेटीपेक्षा घट्ट झाकणाचा डबा आणि आर्द्रता राखणारी पाकिटे जास्त उपयोगी. पेटीत ओलावा देण्यासाठी बोअरचे पाणी चालत नाही, क्षार साचतात. गॅरेजवर बॅटरीसाठी मिळते तसे डिस्टिल्ड पाणी लागते. आर्द्रतामापक स्वस्तातला असेल तर त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचे, दोन-चार थेंब पाणी घालून ते ओलसर करायचे आणि मापकासह हवाबंद पिशवीत दिवसभर ठेवायचे. काटा ७५ टक्क्यांवर यायला हवा. मिठाचा हा गुण कोणत्याही कंपनीच्या हमीपेक्षा पक्का आहे.

खरी अडचण मात्र उष्णतेची. तापमान २४-२५ अंशांच्या वर राहिले, की पानातली सूक्ष्म अंडी उबून तंबाखू भुंगा बाहेर पडतो आणि वेष्टनाला टाचणीएवढी भोके पाडतो. हा भुंगा मराठवाड्याला चांगलाच ओळखीचा आहे. नांदेड-हिंगोलीच्या पट्ट्यात साठवलेल्या हळकुंडांना लागतो तो हाच. उपाय म्हणून सिगार घट्ट पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये आणि मग एक दिवस फ्रीजमध्ये ठेवतात. पण त्यानंतरचे दोन-तीन महिने, वीज जात-येत असताना, खोली २१ अंशांवर कोण ठेवणार? इथे वर्षानुवर्षे सिगार मुरवणे म्हणजे सिगारपेक्षा एसीच्या बिलाचा छंद. त्यामुळे पंचवीसच्या पेटीपेक्षा दोन-तीन नग घेणारा माणूस शहाणा.

विकत घेताना काय पाहावे?

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला शुल्क न भरता २५ सिगार आणता येतात. मात्र ते १०० सिगारेट किंवा १२५ ग्रॅम तंबाखूच्या ऐवजी, त्यांच्या जोडीला नव्हे. देशात विकल्या जाणाऱ्या पेटीवर चित्रासह आरोग्याचा इशारा लागतो. १८ वर्षांखालील मुलांना विक्री आणि तंबाखूची जाहिरात या दोन्हींवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे. नामांकित क्यूबन ब्रँडच्या नकला जगभर विकल्या जातात. ‘क्यूबाचा आहे, पण तुम्हाला म्हणून स्वस्तात’ असे कुणी म्हणत असेल, तर तो क्यूबाचा नसण्याचीच शक्यता मोठी.

धूर आत घेतला नाही, तर बिघडले कुठे?

आता त्या वाक्याचा उत्तरार्ध. सिगारेटची तंबाखू वेगळ्या पद्धतीने वाळवलेली असते. तिचा धूर आम्लधर्मी, म्हणून निकोटीन रक्तात जायला तो फुप्फुसात ओढावा लागतो. हवेवर वाळवून आंबवलेल्या सिगारच्या तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातले निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जाते. धूर आत घ्यावा लागत नाही, तो एवढ्यासाठी.

हे रसायन जळकोटमध्ये रोज लाखो वेळा नसले तरी हजारो वेळा तळहातावर घडते. तंबाखूत चुना मळतात तो कशासाठी? चुना अल्कधर्मी, त्याने निकोटीन मोकळे होते आणि गालातून शोषले जाते. सिगारला वेगळा चुना लावावा लागत नाही, एवढेच. म्हणून सिगारचे खरे नाते शहरातल्या सिगारेटपेक्षा पारावर बसून तंबाखू मळणाऱ्या आजोबांशी जवळचे आहे. पोशाख तेवढा वेगळा.

नातेवाईक सारखे, तसे आजारही. रोज सिगार ओढणाऱ्यांना, धूर आत न घेताही, तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्येच सविस्तर अहवालात मांडले. मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम तंबाखू असते. सिगारेटमध्ये एक ग्रॅमही नसते. ज्या आंबवण्याने चव येते, त्याच आंबवण्यात नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. पेटीत पाच वर्षे ठेवल्याने सिगारचा तिखटपणा कमी होईल, पण तो पेटवल्यावर निघणारा डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड कमी होत नाही. सिगारसाठी ओळखला जाणारा क्यूबाचा नेता फिडेल कॅस्ट्रो, त्याने १९८५ मध्ये तो सोडला.

महाराष्ट्रात तर हा प्रश्न आणखी टोकदार आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात शंभर प्रौढांपैकी चौघेही धूम्रपान करत नव्हते, पण जवळपास २४ जण धूरविरहित तंबाखू वापरत होते. म्हणजे ज्या तोंडात आधीच तंबाखू आहे, त्याच तोंडात सिगार येण्याची शक्यता जास्त. तिथे तो ‘महिन्यातून एकदा’चा छंद उरत नाही, आधीच्या मात्रेवरची वाढीव मात्रा होते. शिवाय सिगार तासभर जळतो. बंद खोलीत बसलेल्या बायकामुलांनी त्यातले काहीच निवडलेले नसते.

प्रौढ माणसाने हे सगळे माहीत असून, उघड्यावर बसून, क्वचित एखादा सिगार ओढला तर तो त्याचा निर्णय. त्याच्या कारागिरीचे कौतुकही करावे. पण ‘हे व्यसन नाही, ही अभिरुची आहे’ हे म्हणणे मान्य करता येणार नाही. तसे असेल तर बिडी ओढणाऱ्या ऊसतोड कामगारालाही अभिरुचीसंपन्न म्हणावे लागेल, आणि तसे कुणी म्हणत नाही.

देशात विकल्या जाणाऱ्या तंबाखूच्या पाकिटांवर २०१८ पासून व्यसन सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक छापावा लागतो : १८००-११-२३५६. कुणाच्या तरी बॅगेतून हातोहात आलेल्या देखण्या लाकडी पेटीवर तो नसतो.