पासष्टीनंतर बहीण कुणाची?

दिवाळी अंकात असला कडू विषय कशाला, असे कुणी विचारील. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याची कडू बी जिभेला लावल्यावाचून कोकणपट्टीत फराळाला हात लावीत नाहीत. तेव्हा वाचकहो, हे एवढे कारीट आधी फोडू आणि मग चकल्यांकडे वळू.

आमच्या राजोडीला समुद्र आहे, वाड्या आहेत आणि त्या वाड्यांत राबून म्हातारी झालेली माणसे आहेत. पहाटेची गाडी धरून भाजीच्या नि फुलांच्या पाट्या मुंबईला नेणाऱ्या बायकांनी या पट्ट्यातले संसार उभे केले. त्यांना मस्टर नव्हते, रजा नव्हती, फंड नव्हता. साठाव्या वर्षी त्यांना कुणी शाल-श्रीफळ दिले नाही, कारण त्या निवृत्तच झाल्या नाहीत. गुडघे निवृत्त झाले तेव्हा त्या घरी बसल्या. अशा बाईच्या म्हातारपणाला सरकारचा आधार किती, एवढाच माझा सवाल आहे.

जुलै २०२४ पासून महाराष्ट्र सरकारने लाडक्या बहिणीला दरमहा १,५०० रुपये देऊ केले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाईच्या हातात चार पैसे आले तर ते पोरांच्या पोटात जातात. पण अट वाचा. वय २१ ते ६५ आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. म्हणजे पासष्ट वर्षे भरली की बहीण लाडकी राहत नाही! मग तिने जायचे कुठे? तर श्रावणबाळ योजनेकडे. तिथेही २०२३ पासून तेच १,५०० रुपये आहेत. पण २०२३ साली रक्कम वाढवताना अट मात्र जिथल्या तिथे राहिली: एक तर नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे.

एकवीस हजाराला बाराने भागा. माझ्या वर्गातले पोरही सांगेल: महिना १,७५०, दिवसाला साठाच्याही आत. एवढ्यात अख्खे कुटुंब जगवणारे घर राजोडीत सोडाच, उभ्या महाराष्ट्रात दाखवा! चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांच्या घरातली बाई सरकारला गरीब दिसते आणि सहासष्टाव्या वर्षी, हातपाय थकल्यावर, तीच बाई त्याच घरात श्रीमंत ठरते. हे कुठले गणित? मग माणूस खोटा दाखला शोधतो. ज्याला खोटे बोलवत नाही, तो घरी बसतो. प्रामाणिक म्हाताऱ्याला उपाशी ठेवणारी अट गरिबी मोजीत नाही, ती निर्लज्जपणा मोजते.

दुसरे दुखणे गोठलेल्या रकमेचे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने निराधार वृद्धांसाठी दरमहा ७५ रुपये सुरू केले. २००७ साली योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले, तोवर केंद्राचा वाटा २०० झाला होता, आणि साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी तो २०० वरच खिळून बसला. कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराची कथा निराळी नाही. १९९५ च्या पेन्शन योजनेसाठी मालकाच्या वाट्यातून ८.३३ टक्के रक्कम वर्षानुवर्षे वळती झाली. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली आणि २०२५ पर्यंतच्या अकरा वर्षांत त्यात एक रुपयाची भर पडली नाही. त्याच काळात केंद्र सरकारी नोकरांचा महागाई भत्ता २०१६ च्या शून्यापासून जानेवारी २०२४ मध्ये ५० टक्क्यांवर पोचला. तो पोचायलाच हवा होता. पण तेलाचा डबा काय नोकरदाराला महाग आणि म्हाताऱ्याला स्वस्त मिळतो? रक्कम न वाढवणे म्हणजे दरवर्षी थोडी थोडी परत काढून घेणे होय.

आता कुणी म्हणेल, हे सारे सरकारी नोकरांनी खाल्ले. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा असे पुष्कळ बोलले गेले. मी स्वतः १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेला मास्तर आहे. त्या तारखेपासून लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली, तेव्हा माझा स्वार्थ झाकून ठेवीत नाही. पण शेजाऱ्याचे छप्पर उतरवले म्हणून आपले गळायचे थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात निवाडा दिला, की निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे. खुर्चीवर बसून केलेली सेवा ती सेवा, आणि पाटी डोक्यावर घेऊन शहराला जेवू घातले ती काय हौस?

तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर मला पाठ आहे. खर्च येणारच, म्हातारपण फुकट सांभाळता येत नाही. पण तिजोरी २०२४ साली बहिणींसाठी उघडली, ती म्हातारीपुढेच का बंद होते? नेपाळ आपल्याहून गरीब देश. त्याने वृद्धभत्ता आपल्याच सुमारास, १९९५ च्या आगेमागे, शंभर रुपयांनी सुरू केला. २०२१ साली तो ४,००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले २,५०० रुपये झाला. सरकारी पेन्शन नसलेल्या आणि ठरलेले वय झालेल्या माणसाला तो मिळतो. गरिबीचा दाखला मागत नाहीत. नेपाळला जमते ते महाराष्ट्राला जमू नये?

माझे मागणे तीन ओळींचे आहे. श्रावणबाळाची उत्पन्नमर्यादा लाडक्या बहिणीइतकी, अडीच लाखांची करा. प्रत्येक वृद्धाची रक्कम, मग ती केंद्राची असो, राज्याची असो की फंडाची, महागाईच्या निर्देशांकाला बांधा, म्हणजे वाढीसाठी निवडणुकीची वाट पाहावी लागणार नाही. आणि नोकराला जे निवृत्तिवेतन कबूल केले, त्याला हात लावू नका.

परवा भाऊबीज. ओवाळणी भावाच्या मर्जीची असते, कमी पडली तरी बहीण रुसत नाही. म्हातारपणाची भाकरी मर्जीवर सोडता येत नाही. यंदा मते मागायला जो दारात येईल, त्याला फराळ जरूर द्या. पण ताट पुढे करण्याआधी एक विचारा: बाबा रे, पासष्टीनंतर आमची आई तुझी कोण?