पडद्यामागचा अनर्थदंड

रात्रीची जेवणे आटोपली की बहुतेक घरांत दूरचित्रवाणी संच सुरू होतो आणि पडद्यावर एक भलेमोठे, संपन्न घर दिसू लागते. संगमरवरी जिना, कोरीव खांब, उंच देव्हारा, दिवाणखान्यात लखलखणारी झुंबरे. अशी कित्येक घरे वसई तालुक्यातच, नायगाव पूर्वेकडच्या भागात आणि कामणच्या रस्त्याला, पत्र्याच्या उंच शेडखाली उभी असतात. तेथील संगमरवर म्हणजे प्लायवूडवर डकवलेला छापील कागद. खांब प्लास्टर ऑफ पॅरिसचे, आणि कोरीव काम बहुधा साच्यातून काढलेले. मालिका लोकप्रिय ठरली तर हे घर तीन-चार वर्षे टिकते. प्रेक्षक घटले तर तीन महिन्यांत मोडले जाते.

चित्रीकरणाचा हा व्यवसाय वसईकडे सरकला, त्यालाही कारण आहे. गोरेगावची चित्रनगरी 1977 साली उभी राहिली. पुढे खासगी वाहिन्या आल्या, मालिकांची संख्या अनेक पटींनी वाढली, आणि मुंबईच्या वेशीबाहेरची मोकळी, तुलनेने स्वस्त जागा निर्मात्यांना सोयीची वाटू लागली. वसईच्या किल्ल्याला तर चित्रपट नवे नाहीत. ‘प्यार तूने क्या किया’सारख्या हिंदी चित्रपटातील गाण्यापासून ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या 2016 सालच्या गीतापर्यंत अनेक दृश्ये त्या भग्न कमानींतून टिपली गेली. या उद्योगाला प्लायवूड, खिळे-स्क्रू, रंग, कापड, डिझेल, जेवणाचे डबे आणि भाड्याच्या जागा लागतात, आणि यांपैकी अनेक वस्तूंच्या व्यापारात जैन कुटुंबे पिढ्यानपिढ्या आहेत. पडद्यावरच्या त्या घराचा हिशेब म्हणूनच काही अंशी व्यापाऱ्याच्या वहीतही लिहिलेला असतो.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण हे एक गुणव्रत सांगितले आहे. संसार चालवताना काही हिंसा टळत नाही. चूल पेटते, पाणी वापरले जाते, घर बांधले जाते. त्यामागे काही अर्थ, काही गरज असते. परंतु ज्या हिंसेमागे कोणतेच प्रयोजन नाही, जी केवळ बेफिकिरीने घडते, ती अनर्थदंड होय. आचार्यांनी त्याचा एक प्रकार प्रमादचर्या असा सांगितला आहे: विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, झाडे तोडणे. परंपरेने कुतूहलापोटी नाटके-तमाशे पाहणेही प्रमादातच मोजले आहे. तो निकष आज किती घरांत पाळला जातो, हे ज्याने त्याने पाहावे. मालिका पाहिल्या जाणार आणि त्यांना माल पुरवला जाणार, हे गृहीत धरले तरी एक प्रश्न उरतो. त्या निर्मितीत अटळ किती आणि निव्वळ अनर्थ किती?

पृथ्वीकाय, अप्काय, तेजस्काय, वायुकाय आणि वनस्पतिकाय या पाच स्थावरांच्या क्रमानेच पाहिले तरी चित्र स्पष्ट होते. प्लास्टर ऑफ पॅरिस खनिज जिप्समपासून बनते आणि एकदा घट्ट झाले की पुन्हा सहजी उपयोगात येत नाही. खोटा पाऊस पाडण्यासाठी पाण्याचे टँकर येतात, तेही अशा शहरात जेथे कित्येक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवरच दिवस काढतात. दिव्यांसाठी डिझेल जळते आणि त्याचा धूर हवेत जातो. आणि प्लायवूड म्हणजे सरळसरळ झाड. यांत थर्माकोलची भर पडते, जे कुजत नाही आणि जाळले तर विषारी धूर सोडते. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे.

सेट मोडला की त्यातले लोखंड व चांगली लाकडे भंगारवाला उचलतो. रंग लागलेले, खिळ्यांनी चाळण झालेले प्लायवूड, प्लास्टरचे तुकडे आणि कापडाच्या चिंध्या मात्र एकत्रच फेकल्या जातात. वसई-विरारच्या कचऱ्याचा भार गोखिवऱ्याच्या कचराभूमीवर आधीच मोठा आहे. काही वेळा हा माल तेथवरही पोहोचत नाही, कोठेतरी मोकळ्या जागेत पेटवून दिला जातो. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये मनाई केली. साध्या प्रकरणी पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंडही ठरवला. जो माल टाकल्यावर असा भडकतो, तो सेटवर असतानाही तितकाच ज्वालाग्राही असतो, हे विसरता कामा नये. फेब्रुवारी 1989 मध्ये म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत टिपू सुलतानवरील मालिकेच्या चित्रीकरणावेळी लागलेल्या आगीत सुमारे साठ माणसे दगावली. सप्टेंबर 2017 मध्ये चेंबूरच्या आर. के. स्टुडिओतील आगीत राज कपूर यांच्या काळापासून जपलेली वेशभूषाही जळाली. सेटवर सुतार, रंगारी, दिवे सांभाळणारे, चहा देणारे असे शेकडो लोक राबतात. सामान जपून वापरणे म्हणजे त्यांचे प्राण जपणेही आहे.

काटकसर ही काही परक्या देशांकडून शिकण्याची गोष्ट नाही. मराठी नाटक कंपन्या गावोगाव फिरत, तेव्हा राजवाडा, अरण्य आणि रस्ता असे रंगवलेले पडदे गुंडाळून सोबत नेत, आणि तेच पडदे अनेक नाटकांना पुरत. असे पडदे रंगवणाऱ्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीच पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. दादासाहेब फाळके यांनी 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ सूर्यप्रकाशात टिपला. पेंटरांच्या 1923 च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम दिव्यांचा वापर झाला, आणि तेथून पुढे दिवस-रात्रीचा भेद संपत गेला. त्या काळाकडे परतणे आता शक्य नाही. परंतु एकदा केलेली वस्तू अनेकदा वापरायची, ही त्यांची रीत आजही व्यवहारात आणता येते.

येथे व्यापाऱ्याची भूमिका सुरू होते. प्लायवूडचा व्यापारी माल विकतो आणि त्याचा संबंध संपतो. तो माल तीन महिन्यांनी कोठे जातो याच्याशी त्याला कर्तव्य उरत नाही. आता समजा, सेटच्या भिंतींसाठी लागणारी तयार चौकट विकण्याऐवजी भाड्याने दिली. एका चौकटीची व्यापाऱ्याला पडणारी किंमत 1,100 रुपये आणि विक्री 1,200 रुपये धरू. विक्रीत एकदाच शंभर रुपये सुटतात. तीच चौकट दोन वर्षांत पाच वेळा, दर वेळी 400 रुपयांनी भाड्याने गेली तर 2,000 रुपये येतात. त्यातून मूळ किंमत 1,100, दर खेपेस वाहतूक-डागडुजी-साठवणीचे साठ याप्रमाणे 300 आणि अडकलेल्या रकमेवर दहा टक्क्यांनी दोन वर्षांचे व्याज 220 वजा केले, तरी 380 रुपये उरतात. निर्मात्यालाही 1,200 देऊन भंगारात शंभर मिळवण्यापेक्षा 400 देणे परवडते. आणि पाच चौकटींचे काम एकीत झाल्याने चार चौकटींचे लाकूड वाचते.

यावर अनुभवी व्यापारी लगेच सांगेल की विक्रीत भांडवल वर्षातून अनेकदा फिरते, भाड्यात ते अडकून पडते. आक्षेप रास्त आहे. म्हणून सगळा धंदा भाड्यावर नेण्याचा सल्ला कोणी देणार नाही. चार-पाच व्यापाऱ्यांनी मिळून एक गोदाम घ्यावे, मालाचा थोडा हिस्सा तेथे ठेवावा आणि वर्षभर अनुभव पाहावा, एवढे पुरे. मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय कित्येक दशके याच तत्त्वावर चालत आला आहे.

दुसरा मोठा खर्च विजेचा. सेटवरच्या जनरेटरला ताशी 15 लिटर डिझेल लागते असे धरले, तर बारा तासांच्या पाळीत 180 लिटर जळते. लिटरला 90 रुपयांप्रमाणे हे 16,200 रुपये झाले. त्यातून वीज मिळते साधारण 600 युनिट, म्हणजे युनिटला 27 रुपये. महावितरणची जोडणी घेऊन सर्व आकारांसह युनिट 15 रुपयांना पडले तरी खर्च 9,000 वर येतो. पंचवीस दिवसांत 1,80,000 रुपयांचा फरक पडतो. मात्र हिशेब प्रामाणिक असावा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे 180 लिटरमागे सुमारे 480 किलो. आपल्याकडची ग्रीडची वीज बरीचशी कोळशावर होते, त्यामुळे 600 युनिटमागे तीही सुमारे 420 किलो सोडते. जोडणी बदलल्याने सेटजवळचा धूर आणि आवाज जातो, पैसा वाचतो, पण वातावरणावरचा भार थोडाच हलका होतो. खरा फरक पडतो तो विजेची गरज घटवल्याने. जुन्या टंगस्टन दिव्यांऐवजी एलईडी दिवे वापरले तर तेवढ्याच उजेडाला वीज पाचव्या हिश्श्याच्या आसपास लागते. शिवाय उष्णता कमी झाल्याने वातानुकूलन यंत्रांचाही भार उतरतो.

नायगावच्या शेडना आणखी एक अनुकूलता आहे, ती म्हणजे त्यांची विस्तीर्ण छपरे. एक किलोवॅट सौरसंचाला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि त्यापासून सरासरी दिवसाला चार युनिट वीज मिळते. दहा हजार चौरस फुटांचे छप्पर दिवसाला 400 युनिट देऊ शकते. पावसाळ्यात हे प्रमाण बरेच घसरते आणि रात्रीच्या चित्रीकरणाला ग्रीड लागतेच. चित्रपटाचा फिरता सेट असा खर्च पेलू शकत नाही. पण मालिका बदलल्या तरी शेडचा मालक तोच राहतो, म्हणून ही गुंतवणूक निर्मात्यापेक्षा जागामालकाच्या हिताची आहे.

जगातही सुरुवात हिशेबापासूनच झाली. ब्रिटनमध्ये 2011 साली ‘अल्बर्ट’ ही संस्था पुढे आली. चित्रीकरणाचा कार्बन-हिशेब मांडण्याची पद्धत तिने तेथील वाहिन्यांत रुळवली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या सहभागाने 2020 मध्ये निघालेल्या अहवालानुसार एका भव्य खर्चाच्या चित्रपटामागे सरासरी 2,840 टन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि त्यातला निम्म्याहून किंचित अधिक वाटा प्रवास व वाहतुकीचा असतो. वसईच्या किल्ल्यात गाणे टिपणाऱ्या ‘कोल्डप्ले’नेही 2019 मध्ये पर्यावरणाचा मार्ग सापडेपर्यंत दौरे थांबवले. नव्या दौऱ्यात प्रत्येक कार्यक्रमामागचे उत्सर्जन आधीच्या दौऱ्यापेक्षा 59 टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी 2024 मध्ये जाहीर केले. आकडा मांडला की घट दिसते, न मांडला की केवळ सदिच्छा उरते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

सेटवरचे जेवण हा लहान वाटणारा पण रोजचा विषय आहे. दीडशे माणसांनी दिवसाला पाण्याच्या चार छोट्या बाटल्या उघडल्या तर सहाशे बाटल्या होतात, आणि त्यांतल्या कित्येक अर्ध्या भरलेल्याच फेकल्या जातात. थाळी धुऊन पिण्याची रीत जपणाऱ्या समाजातील केटरर स्टीलची ताटे, पाण्याचे मोठे पिंप आणि आदल्या दिवशी घेतलेली जेवणाऱ्यांची नेमकी संख्या, एवढा आग्रह सहज धरू शकतो. जयणा हा शब्द स्वयंपाकघराबाहेरही लागू पडतो.

या साऱ्यात निर्मात्याची अडचण नाकारता येत नाही. वाहिनीला रोज नवा भाग हवा असतो, मालिका केव्हा बंद होईल याचा भरवसा नसतो, आणि घाईत माणूस हाताशी येईल तो माल उचलतो. म्हणूनच बदल करारातून यावा लागतो. शेड भाड्याने देणारा मालक कराराच्या मसुद्यात चार कलमे घालू शकतो. सेट मोडल्यावर माल वेगवेगळा करून नेण्याची जबाबदारी भाडेकरूची राहील आणि तोपर्यंत अनामतीचा काही भाग परत मिळणार नाही. आवारात काहीही जाळले जाणार नाही. सजावटीत थर्माकोल वापरले जाणार नाही. विजेची जोडणी उपलब्ध असताना डिझेल जनरेटर केवळ वीज गेल्यावर चालेल. ज्याची जमीन सखल आहे त्याने पाचवे कलमही घालावे: भराव टाकून जागा उंच केली जाणार नाही. जुलै 2018 च्या पावसात वसईच्या मिठागरांत लोक कसे अडकून पडले, ते तालुक्याने पाहिले आहे. पाण्याची जागा अडवली की ते वस्तीत शिरते.

आणि हीच कलमे लग्नाच्या मंडपाला, प्रतिष्ठा महोत्सवाच्या भव्य देखाव्याला आणि पर्युषणातील सजावटीलाही लावता येतील. तेथे प्लायवूड तेच असते, पुष्कळदा कारागीरही तेच, आणि देखावा मालिकेच्या घराहूनही कमी दिवस टिकतो. जिनप्रभसूरींनी चौदाव्या शतकात ज्या सोपाऱ्याची गणना चौऱ्याऐंशी तीर्थांत केली, त्या भूमीतील संघांनी पुढच्या महोत्सवाच्या अंदाजपत्रकात एक नवा रकाना आखावा: किती माल आला, किती परत गेला आणि किती वाया गेला. वाया गेलेल्या मालाचा आकडा ट्रस्टच्या वार्षिक सभेत वाचून दाखवला, तर पुढल्या वर्षी तो आपोआप कमी होईल.